एका प्रेक्षकासाठी बनवलेला युद्धपट: ‘वॉरफेअर’वरच्या प्रतिक्रियांचा प्रकरण अभ्यास

‘इतका खरा युद्धपट आजवर पाहिला नाही’ आणि ‘यात गोष्टच नाही’. ‘वॉरफेअर’ पाहून आलेल्यांकडून ही दोन मतं ऐकू येतात. कधी कधी एकच माणूस दोन्ही बोलतो, आणि त्यात त्याची चूक नसते. हा चित्रपट नेमका कशाने खरा वाटतो आणि कशाने अपुरा, हे उलगडलं की दोन्ही मतं एकाच जागेवरून निघालेली दिसतात. फिल्म सोसायट्या, महाविद्यालयांची चित्रपट मंडळं आणि वास्तववादी युद्धपटांवर चर्चा घडवणारे गट यांच्यासाठी हे प्रकरण सविस्तर मांडत आहोत.

प्रकरण काय आहे

घटना १९ नोव्हेंबर २००६ची, इराकमधल्या अनबार प्रांतातल्या रमादी शहरातली. अमेरिकी नौदलाच्या ‘सील’ या विशेष मोहिमांच्या पथकाची एक तुकडी रात्री एका रहिवासी घरात शिरते, घरातल्या कुटुंबाला एका खोलीत बसवते आणि भिंतीला भोक पाडून समोरच्या रस्त्यावर नजर ठेवते. दुसऱ्या दिवशी त्या भोकातून हातबॉम्ब आत पडतो. जखमीला न्यायला ब्रॅडली हे पट्ट्यांवर चालणारं चिलखती वाहन येतं, माणसं दारातून बाहेर पडतात आणि रस्त्यात पेरलेल्या बॉम्बचा स्फोट होतो. पुढचा सगळा चित्रपट दोन अतिगंभीर जखमींना जिवंत ठेवून त्या घरातून बाहेर कसं काढायचं, एवढ्यावर चालतो.

दिग्दर्शक दोन. ॲलेक्स गारलंड आणि रे मेंडोझा. मेंडोझा स्वतः त्या तुकडीत होता, संपर्काचं काम त्याच्याकडे होतं. गारलंडच्या आधीच्या ‘सिव्हिल वॉर’ (२०२४) या चित्रपटात तो लष्करी सल्लागार होता आणि या चित्रपटाचा विचार तिथून सुरू झाला. त्या दिवशी घरात असलेल्या सैनिकांच्या मुलाखती घेऊन, एकाची आठवण दुसऱ्याच्या आठवणीशी ताडून पटकथा लिहिली गेली. चित्रपट केवळ त्यांच्या आठवणींवर उभा आहे, असं सुरुवातीलाच पडद्यावर सांगितलं जातं. इंग्लंडमध्ये बोव्हिंगडनच्या जुन्या विमानतळाच्या जागेवर रस्ता आणि घरं उभारून चित्रीकरण झालं. नटांनी त्याआधी काही आठवडे लष्करी प्रशिक्षण घेतलं. लांबी ९५ मिनिटं. कथानकाच्या आत पार्श्वसंगीत नाही.

११ एप्रिल २०२५ रोजी अमेरिकेत ए२४ या कंपनीने तो प्रदर्शित केला. खर्च सुमारे दोन कोटी डॉलर, अमेरिकेतल्या पहिल्या तीन दिवसांची कमाई सुमारे ८३ लाख, जगभरातली एकूण तीन कोटींच्या थोडी वर. सिनेमास्कोअर या पाहणीत त्याला ‘ए उणे’ श्रेणी मिळाली.

ही श्रेणी जपून वाचावी लागते. पहिल्या दिवशी तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांकडून बाहेर पडताना कार्ड भरून घेतलं जातं. म्हणजे जे मुद्दाम आले, त्यांना जे हवं होतं ते मिळालं का, एवढंच तिच्यातून कळतं. याच गारलंडच्या ‘सिव्हिल वॉर’ची पहिल्या तीन दिवसांची कमाई अडीच कोटी डॉलरच्या वर होती आणि श्रेणी मात्र ‘बी उणे’. जाहिरातींवरून लोक लढाईचा चित्रपट म्हणून आले आणि त्यांना बातमीदारांचा प्रवास दिसला. ‘वॉरफेअर’ला आलेला प्रेक्षक संख्येने कमी होता, पण आपण काय पाहायला चाललोय हे त्याला ठाऊक होतं. समाधानाची श्रेणी वर जाण्याचं मोठं कारण हेच असावं, असं आमचं मत आहे.

शांत भाग, मग किंकाळ्या

साधारण पहिला तृतीयांश भाग जवळजवळ काहीच घडत नाही. एक जण दुर्बिणीला डोळा लावून पालथा पडलाय, समोरच्या बाजारातली माणसं मोजतोय, कुणी दुसऱ्यांदा डोकावलं की नोंद करतोय. दुसरा रेडिओवर आकडे आणि सांकेतिक शब्द बोलतोय. त्यांचा अर्थ कुणी कुणाला समजावत नाही. नेहमीच्या चित्रपटात अशा वेळी एखादा नवखा शिपाई प्रश्न विचारतो आणि उत्तर प्रेक्षकाला मिळतं. इथे तसा नवखा ठेवलेलाच नाही. ‘कंटाळवाणा’ ही प्रतिक्रिया जवळजवळ नेहमी या भागाबद्दल असते.

पण हाच भाग प्रेक्षकाचं कान-डोळ्यांचं काम बदलतो. शब्द कळत नाहीत म्हणून तो आवाजाची पट्टी ऐकू लागतो. रस्त्यावर माणसं कमी झाली, मशिदीच्या भोंग्यावरून पुकारा झाला, दुकानं मिटू लागली, हे आधी त्याच्या लक्षात येतं आणि कारण नंतर. पाळतीवर बसलेल्या माणसाचा अनुभव असाच असतो. माजी सैनिकांच्या प्रतिक्रियांत गोळीबाराइतकाच या बसून राहण्याचा उल्लेख येतो, तो यामुळे.

स्फोटानंतर आवाज दबतो, कानात शिटी उरते. मोठ्या स्फोटाजवळ असलेल्याची श्रवणशक्ती काही काळ अशीच बसते. पण इथली खुबी पुढे आहे. ज्याच्या जवळ कॅमेरा, त्याच्या कानाने ऐकू येतं. एकाच्या कानात सुन्नपणा असताना दृश्य दुसऱ्याकडे गेलं की किंकाळ्या पूर्ण जोराने आदळतात. प्रेक्षकाला आवाजाची सवय होऊ दिली जात नाही.

आणि त्या किंकाळ्या थांबत नाहीत. बहुतेक युद्धपटांत जखमी दोन-चार शॉटमध्ये बेशुद्ध पडतो, मरतो, किंवा दृश्य बदलतं. इथे जोसेफ क्विनने साकारलेला सॅम ओरडत राहतो, शेजारी रेडिओवरचा आवाज पूर्वीच्याच सपाट सुरात आकडे सांगत राहतो. नजर पडद्यावरून काढली असं सांगणारे बहुतेक जण इथे येऊन थांबतात. रक्तामुळे नजर काढली असं ते म्हणतात, पण त्यांनी वर्णन केलेला क्षण तपासला की त्रास आवाजाचा असतो. डोळे मिटता येतात, कान मिटता येत नाहीत.

उपचाराचे तपशीलही नीट पाहण्यासारखे आहेत. मांडीतली मोठी रक्तवाहिनी फुटली तर माणूस काही मिनिटांतच दगावू शकतो, म्हणून आधी टूर्निकेट, म्हणजे जखमेच्या वर आवळायचा पट्टा, आणि बाकी सगळं नंतर. आवळताना जखमेपेक्षाही जास्त दुखू शकतं, म्हणून किंकाळी उपचारानंतर वाढते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं की काहीतरी बिघडलं. घाईत एक जण मॉर्फीनची सुई स्वतःच्याच हातात टोचून घेतो. दाबल्यावर आपोआप सुई सोडणारी नळी उलटी धरली गेली की अंगठा चुकीच्या टोकावर येतो. तीव्र ॲलर्जीच्या रुग्णांसाठी असलेल्या तशाच पेनांबाबतही ही चूक डॉक्टरांच्या ओळखीची आहे. प्रशिक्षित माणसाच्या हातून ती होताना दाखवल्यामुळे काही प्रेक्षकांना हे पथक ‘अकुशल’ वाटतं. आमच्या मते चित्रपटाचा सर्वांत प्रामाणिक क्षण हाच आहे. कौशल्य असूनही हात थरथरतात, हे तो न बोलता सांगतो.

‘खरं’ या शब्दाचे चार अर्थ

प्रतिक्रिया एकमेकींशी भांडतात, कारण प्रत्येक जण ‘खरं’ हा शब्द वेगळ्या अर्थाने वापरतो.

पहिलं खरं सामानाचं. गणवेश, हत्यार, वाहन त्या सालचं आहे का? इराक युद्धावरच्याच ‘द हर्ट लॉकर’ला २०१०मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटासह सहा ऑस्कर मिळाले, तरी अनेक माजी सैनिकांनी तो नाकारला. कथा २००४ची आणि अंगावर त्यानंतर वाटले गेलेले ठिपक्याठिपक्यांचे गणवेश, हा त्यांचा एक आक्षेप होता. दुसरं खरं पद्धतीचं. त्याच चित्रपटात बॉम्ब निकामी करणारे तिघे शहरात एकटेच हिंडतात. प्रत्यक्षात असं पथक संरक्षणाशिवाय फिरत नाही, आणि सैनिकांना हे गणवेशापेक्षा जास्त खटकलं. सामानाची चूक माफ होते. पद्धतीची चूक कामाचा अपमान वाटते.

तिसरं खरं अनुभवाचं. ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’ जुलै १९९८मध्ये आला, तेव्हा त्यातल्या ओमाहा किनाऱ्याच्या, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात फ्रान्सच्या किनाऱ्यावर सैन्य उतरतं त्या दृश्याने जुन्या जखमा उघडतील म्हणून अमेरिकेच्या माजी सैनिक विभागाने मोफत दूरध्वनी सेवा सुरू केली. दोन आठवड्यांच्या आत तिथे १७०हून अधिक फोन आले. ओमाहानंतर त्या चित्रपटात एक रचलेली कथा सुरू होते, पण फोन करणाऱ्यांना त्या कथेशी देणंघेणं नव्हतं. किनारा त्यांना पुरेसा होता.

चौथं खरं युद्धाचं. हे सैन्य त्या शहरात का आलं, त्या घराचं काय झालं, किंमत कुणी मोजली?

‘वॉरफेअर’ पहिल्या तिन्हींवर सगळी शक्ती लावतो आणि चौथ्याला हात घालत नाही. ज्यांच्यासाठी पहिली तीन म्हणजेच ‘खरं’, ते भारावून बाहेर येतात. ज्यांच्यासाठी चौथं नसेल तर बाकीची तीन सजावट, ते चिडून येतात. ‘हा युद्धविरोधी आहे की सैन्यभरतीची जाहिरात’ हा वाद त्यातूनच सुरू होतो, आणि तो चित्रपटातून सुटत नाही, कारण दोन्ही बाजू त्यात नसलेल्या गोष्टीवर बोट ठेवत असतात.

पहिला प्रेक्षक

चौथं खरं का वगळलं, याचं उत्तर अर्पणपत्रिकेत आहे. चित्रपट एलियटला अर्पण केलाय. भिंतीच्या भोकापाशी पालथा पडलेला तो नेमबाज, कॉस्मो जार्व्हिसने साकारलेला. खऱ्या एलियट मिलरचा त्या स्फोटात पाय गेला, बोलणं गेलं, आणि त्या दिवसाची आठवणही गेली. आपल्याला काय झालं हे त्याला इतरांकडून ऐकावं लागलं. ते त्याला दिसावं म्हणून मेंडोझाने हा चित्रपट केला. चित्रीकरणाच्या जागी तो चाकाच्या खुर्चीत आला होता, ते शेवटच्या नामावलीबरोबर दिसतं.

हे कळल्यावर चित्रपटाची बरीच ‘वैगुण्यं’ वेगळी दिसू लागतात. पात्रांची ओळख करून दिलेली नाही, कारण ज्याच्यासाठी केलं तो या सगळ्यांना ओळखतो. सांकेतिक शब्द उलगडले नाहीत, कारण ती त्याचीच भाषा. पार्श्वसंगीत नाही, कारण कुठे रडायचं हे त्याला कुणी सांगायची गरज नाही. कोण कुठे उभा होता, कुणी कुणाला ओढत आणलं, दार कुणी बंद केलं, याबद्दलचा काटेकोरपणा आपल्याला अनाठायी वाटतो. त्याच्यासाठी तीच मूळ माहिती आहे. आपण बाकीचे प्रेक्षक एका खासगी निवेदनाच्या वेळी खोलीत बसलेलो असतो. ‘गोष्टच नाही’ ही तक्रार म्हणूनच आम्हाला पटत नाही. गोष्ट आहे, ती दुसऱ्याला सांगितली जातेय.

दुसरी तक्रार मात्र अशी सहज बाजूला करता येत नाही. त्या घरात त्या दिवशी सैनिकांखेरीज एक इराकी कुटुंबही होतं. त्यांनाही आठवणी असणार. तुकडीबरोबर आलेल्या इराकी सैनिकांना स्फोटाआधी दारातून पुढे काढलं जातं, आणि त्यांच्यातल्या एकाचे अवशेष रस्त्यात पडून राहतात, त्यांच्यावरून ये-जा होते. चित्रपट हे लपवत नाही, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. पथक निघताना घरातली बाई ‘का?’ म्हणून ओरडून विचारते आणि तिला उत्तर मिळत नाही. सगळे गेल्यावर कुटुंब फुटक्या घरात खोलीबाहेर येतं, रस्त्यावर बंदूकधारी बाहेर पडतात. पण तिचा प्रश्न ऐकू येतो तोही सैनिकांच्या आठवणीतून. ‘केवळ त्यांच्या आठवणी’ यातलं ‘त्यांच्या’ त्या खोलीच्या दाराशी संपतं. इराकी आणि अरब प्रेक्षकांचा राग इथे आहे आणि तो रास्त आहे. एका मित्राला दिलेलं निवेदन म्हणून ही मर्यादा समजू शकते. जगभरच्या पडद्यांवर गेल्यावर मात्र तोच त्या दिवसाचा एकमेव दस्तऐवज होऊन बसतो.

इराकच्या युद्धाशी महाराष्ट्राचं नातं जुनं आहे, म्हणून हा मुद्दा इथे परका वाटू नये. पहिल्या महायुद्धात सहावी पुणे डिव्हिजन तिग्रिसकाठच्या कूतमध्ये वेढली गेली. तिच्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती झाली. त्या वेढ्याच्या आठवणी ब्रिटिश अधिकाऱ्यांनी लिहिल्या. शिपायांच्या वाट्याला तेवढे कागद आले नाहीत, आणि ज्यांच्या घरांतून तो वेढा लढला गेला त्या कूतकरांच्या वाट्याला त्याहून कमी.

दाखवायचा असेल तर

जाहीर खेळासाठी वितरकाकडून हक्क घ्यावेत, घरगुती डिस्क किंवा ओटीटीची वर्गणी त्याला चालत नाही. खरी मेहनत मात्र आवाजावर लागते. चित्रपटगृहात प्रत्येक मुख्य स्पीकरची पातळी ८५ डेसिबलला लावतात (पिंक नॉइज हा चाचणीचा एकसारखा सरसर आवाज वाजवून, आवाज मोजायचं मीटर ‘सी वेटिंग’ या मापावर ठेवून). साठ ते शंभर खुर्च्यांच्या हॉलमध्ये तेवढी बोचते, ८०च्या आसपास ठेवावी आणि हॉलच्या दोन-तृतीयांश मागे बसून मोजावी. मोबाइलच्या ॲपवर विसंबू नये, खालच्या पट्टीतल्या आवाजाला फोनचा माइक खोटं सांगतो. लढाऊ विमान शत्रूला दबकवण्यासाठी बॉम्ब न टाकता रस्त्यावरून अगदी खालून जातं, त्या प्रसंगी सबवूफरची, म्हणजे खालच्या पट्टीच्या स्पीकरची, खरी कसोटी लागते. आधी तेवढाच तुकडा वाजवून छताचे पत्रे, पंख्यांची कव्हरं, सैल खुर्च्या खडखडतात का ते पाहावं. खडखडाट झाला की प्रेक्षक हसतात आणि प्रसंग हातचा जातो.

सर्वांत नेहमीची चूक वेगळीच असते. सुरुवातीचा भाग हळू आवाजाचा आहे. मागच्या रांगेतून ‘ऐकू येत नाही’ अशी हाक येते आणि ऑपरेटर आवाज वाढवतो. पुढे स्फोट होतो तेव्हा पातळी दोन पायऱ्या वर असते, लोक कान धरून उठतात, आणि दोष चित्रपटाला लागतो. पातळी एकदा लावली की बटणाला हात लावू नये, हे ऑपरेटरला लिहून द्यावं. घरी टीव्हीवर उलटं होतं. ‘नाईट मोड’ सुरू असला की हळू आवाज वर आणि मोठा खाली येतो, कुजबुज आणि स्फोट एका उंचीचे होतात. तसा पाहिलेल्यांना चित्रपट सपाट वाटला तर ते खोटं बोलत नाहीत, त्यांनी खरोखरच सपाट चित्रपट पाहिलाय.

सूचना तिकिटावर आणि दारावर, दोन्हीकडे असावी, मोघम नसावी. ‘हिंसक दृश्ये’ एवढ्याने काही कळत नाही. ‘अचानक मोठे स्फोट, पायांच्या उघड्या जखमा, दीर्घकाळ चालणाऱ्या किंकाळ्या’ असं लिहावं. खाली टेलिमानस या मानसिक आधाराच्या सरकारी दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक द्यावा. दाराजवळच्या कडेच्या चार-सहा खुर्च्या मोकळ्या ठेवाव्यात आणि बाहेर पडून परत येता येईल हे आधी सांगावं. सातारा, सांगली, कोल्हापूरकडे अशा खेळाला सेवेतले आणि निवृत्त जवान, त्यांच्या घरचे हमखास असतात. त्यांना आदल्या दिवशी एकेकटं गाठून काय दाखवणार आहोत ते सांगावं. चर्चेत सर्वांसमोर ‘साहेब, खरंच असं असतं का?’ असं विचारू नये. त्या प्रश्नानंतर बाकी हॉल गप्प होतो, आणि उत्तर देणाऱ्याला नको ते आठवावं लागतं.

नामावली कापू नये. खऱ्या सैनिकांची छायाचित्रं, त्यातले काही झाकलेले चेहरे आणि सेटवर आलेला एलियट तिथेच आहेत. ती न पाहिलेला माणूस चर्चेत वेगळ्या चित्रपटाबद्दल बोलतो. नामावली संपल्यावर दिवे अर्धे लावून दहा मिनिटं काहीच करू नये, पाणी ठेवावं. मग बोलण्याआधी लिहून घ्यावं, कारण पहिला वक्ता जे म्हणेल तेच हॉलचं मत होऊन बसतं. पोस्टकार्डाएवढा कागद, सात मिनिटं, तीन प्रश्न. नजर किंवा कान कुठल्या क्षणी पडद्यावरून काढून घेतले? ‘खरं’ वाटलं किंवा नाही वाटलं, ते सामान, पद्धत, अनुभव की युद्ध? आणि घरातलं कुटुंब खोलीत आहे, हे शेवटच्या दृश्याआधी शेवटचं कधी आठवलं होतं?

दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरांप्रमाणे कागदांच्या चार गड्ड्या कराव्यात आणि प्रत्येक गड्डीतल्या एकेकाला बोलायला सांगावं. मग वाद ‘आवडला की नाही’ यावर अडकत नाही. तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं नावं न घेता सगळ्यात शेवटी मोठ्याने वाचावीत, कोऱ्या सोडलेल्या कागदांसह.